जुन्या ॲम्प्लिफायरमधील थर्मल पेस्ट बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील माहिती साधारण १९७० ते १९९० च्या दशकांतील, ट्रान्झिस्टरवर किंवा एसटीके मोड्यूलवर (आउटपुटचे सर्किट एकाच तुकड्यात असलेल्या भागावर) चालणाऱ्या ॲम्प्लिफायरांसाठी आहे. मरांट्झ, सान्सुई, यामाहा यांचे संच, सोनोडाइनसारखे भारतीय संच, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जुळवलेले घरगुती संच आणि मंडळांचे पीए (सार्वजनिक ध्वनिक्षेपणाचे) ॲम्प्लिफायर हे सारे त्यात येतात. मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची सवय असलेल्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. ज्यांना ती सवय नाही, त्यांनी काम जाणकार कारागिराकडेच द्यावे, पण त्याच्याकडून कोणती तपासणी करून घ्यायची हे येथून जरूर समजून घ्यावे.

थर्मल पेस्ट नेमके काय काम करते?

ट्रान्झिस्टरची धातूची पाठ आणि हीटसिंकचा (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पंख्यांच्या तुकड्याचा) पृष्ठभाग दोन्ही डोळ्यांना सपाट दिसत असले, तरी त्यांवर बारीक ओरखडे आणि उंचसखलपणा असतो, त्यामुळे ते एकमेकांवर दाबून बसवल्यावरही मध्ये हवेच्या फटी राहतात. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन इतकीच आहे. साध्या पांढऱ्या सिलिकॉन पेस्टची ०.७ च्या आसपास असते, आणि ॲल्युमिनियमची २०० च्या पुढे. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा पंचवीसपट चांगली, परंतु धातूपेक्षा शेकडो पट वाईट आहे. तिने फक्त हवेची जागा घ्यावी, धातूला धातूपासून दूर ढकलू नये, हे तत्त्व लक्षात ठेवले की किती पेस्ट लावायची, कोणती लावायची आणि जुनी केव्हा काढायची या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळत जातात.

पेस्ट वीस-तीस वर्षांची झाली, म्हणून ती बदलायलाच हवी का?

नाही. जुन्या पेस्टमध्ये सिलिकॉनचे तेल आणि झिंक ऑक्साइडची भुकटी असते. काळाबरोबर तेल हळूहळू बाहेर पाझरते आणि कडेला दिसणारा भाग खडूसारखा कोरडा होतो. तो पाहून अनेक जण सगळे ट्रान्झिस्टर सोडवायला घेतात. परंतु कडेचा भाग उघड्या हवेत असतो. आतला थर स्क्रूच्या दाबाखाली असतो आणि तो बऱ्याचदा ओलसर असतो. तो कोरडा पडला असला, तरी भुकटी जागच्या जागी घट्ट बसलेली असेल तोवर फटी भरलेल्याच राहतात आणि उष्णता बऱ्यापैकी वाहते. उलट, सोडवताना जुन्या पायांवरचे ताण, छापील सर्किटवरचे उचलले जाणारे ट्रॅक, तडकलेली मायका (ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधली अभ्रकाची वीजरोधक चकती) आणि चुकून हीटसिंकला शॉर्ट झालेला कलेक्टर (ट्रान्झिस्टरच्या तीन टोकांपैकी एक) हे धोके खरे असतात. चांगल्या चाललेल्या ॲम्प्लिफायरला केवळ वयाकडे पाहून हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग बदलण्याची गरज आहे हे कसे ओळखावे?

ट्रान्झिस्टर आणि त्याच्या अगदी शेजारचा हीटसिंक यांच्या तापमानांतला फरक मोजून. हीटसिंक हाताला किती गरम लागतो यावरून पेस्टविषयी काहीच कळत नाही. किंबहुना पेस्ट निकामी झाली असेल, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही आणि तो नेहमीपेक्षा थंड लागू शकतो. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक दोन्ही भाजण्याइतके तापत असतील, तर पेस्ट तिचे काम करते आहे आणि दोष बहुधा वाढलेल्या बायसमध्ये (आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहता ठेवलेल्या प्रवाहात), अडलेल्या हवेत किंवा स्पीकरच्या फार कमी ओहममध्ये आहे. अशा संचात पेस्ट बदलून काहीही साधत नाही.

हे मोजमाप ॲम्प्लिफायर नुसता चालू ठेवून करणे मात्र पुरेसे नाही. समजा, सप्लाय अधिक-उणे ३५ व्होल्टचा आहे आणि बायसचा प्रवाह ५० मिलिॲम्पिअर आहे. तेव्हा प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्ये १.७५ वॅट उष्णता निर्माण होते. नीट पेस्ट लावलेल्या मायकेचा उष्णतारोध टीओ-३ (धातूच्या टोपीच्या) आकाराच्या ट्रान्झिस्टरसाठी साधारण ०.५ अंश प्रति वॅट धरला आणि कोरड्या मायकेचा १.३ धरला, तर फरक अनुक्रमे ०.९ आणि २.३ अंश येतो. एवढ्याशा फरकावरून काही ठरवता येत नाही. आता त्याच ॲम्प्लिफायरला ८ ओहमचा डमी लोड (स्पीकरऐवजी लावायचा मोठा रेझिस्टर) जोडून साइन वेव्ह द्यावी. क्लास बी पद्धतीच्या आउटपुटमध्ये सर्वाधिक उष्णता पूर्ण आवाजाला निर्माण होत नाही, कमाल पॉवरच्या सुमारे ४० टक्क्यांवर होते. या उदाहरणात ती प्रत्येक ट्रान्झिस्टरमागे साडेपंधरा वॅटच्या आसपास येते. तेव्हा चांगल्या जोडणीत ट्रान्झिस्टर हीटसिंकपेक्षा सुमारे ८ अंशांनी गरम असेल आणि बिघडलेल्या जोडणीत सुमारे २० अंशांनी. हा फरक स्वस्त इन्फ्रारेड थर्मामीटरलाही पकडता येतो.

अट एकच आहे : चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर खूप कमी तापमान दाखवतो. म्हणून ट्रान्झिस्टरच्या टोपीवर आणि शेजारच्या हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा. टेप संच बंद असताना आणि कपॅसिटर रिकामे असतानाच लावावी, कारण टीओ-३ ट्रान्झिस्टरची टोपी हीच त्याची कलेक्टर असते आणि तिच्यावर पूर्ण सप्लाय उभा असतो.

एका चॅनेलचे ट्रान्झिस्टर दुसऱ्यापेक्षा बरेच गरम असतील, तर आधी दोन्हींचा बायस मोजावा. बायस सारखा असूनही लोडवर फरक राहिला, तरच पेस्टकडे वळावे.

कोणत्या परिस्थितीत न मोजताही पेस्ट बदलावी लागते?

ज्या क्षणी स्क्रू सैल करून ट्रान्झिस्टर जागेवरून हलवला, त्या क्षणी जुना थर संपला. वाळलेली भुकटी एकदा मोडली की पुन्हा दाबल्यावर पूर्ववत बसत नाही. तिचे कण मध्ये अडकून उलट फट वाढवतात. त्यामुळे ट्रान्झिस्टर तपासण्यासाठी काढला असो, सर्किट बोर्ड बाहेर घेण्यासाठी हीटसिंक सोडवला असो किंवा सैल झालेला स्क्रू फिरवताना भाग सरकला असो, जुनी पेस्ट पूर्ण काढून नवीन लावणे क्रमप्राप्त आहे. जुन्यावरच थोडी नवी थापणे हा उपाय नव्हे.

कोणती पेस्ट घ्यावी? संगणकाची महागडी पेस्ट अधिक चांगली का?

झिंक ऑक्साइड असलेली साधी पांढरी पेस्ट, दुकानात जिला हीटसिंक कंपाउंड म्हणतात ती, या कामाला पूर्ण पुरेशी आहे. फक्त ती नामांकित कंपनीची आणि तिची माहितीपत्रिका उपलब्ध असलेली घ्यावी. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये अगदी लहान जागेतून शंभर वॅट आणि त्याहून जास्त उष्णता बाहेर काढायची असते, म्हणून तेथे पेस्टची वाहकता महत्त्वाची ठरते. ॲम्प्लिफायरमध्ये मध्ये मायका असते आणि खुद्द ट्रान्झिस्टरच्या आतला रोधच मोठा असतो. २एन३०५५ या सर्वपरिचित ट्रान्झिस्टरचा जंक्शनपासून केसपर्यंतचा रोध १.५२ अंश प्रति वॅट आहे. तो कोणत्याही पेस्टने कमी होत नाही.

चांदी किंवा इतर धातूचे कण असलेल्या पेस्ट येथे टाळाव्यात. मायकेच्या कडेवरून त्या ओघळल्या तर इन्सुलेशन धोक्यात येते. गॅलियमवर आधारलेला द्रव धातू तर कधीही वापरू नये, कारण तो ॲल्युमिनियमला खातो आणि बहुतेक सर्व हीटसिंक ॲल्युमिनियमचे असतात. पेस्ट संपली म्हणून टूथपेस्ट किंवा व्हॅसलीन लावण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो. टूथपेस्टमधले पाणी उडून जाते आणि व्हॅसलीन थोड्या उष्णतेवर वितळून वाहते, त्यामुळे दोन्ही निरुपयोगी आहेत.

मायका बदलून सिलिकॉनचे पॅड लावावेत का?

पॅड लावणे सोपे असते, हात खराब होत नाहीत आणि पेस्ट लागत नाही. परंतु बाजारातले स्वस्त राखाडी पॅड पेस्ट लावलेल्या पातळ मायकेपेक्षा उष्णता कमी वाहून नेतात. मायका ०.०५ ते ०.१ मिलिमीटर इतकी पातळ असते आणि तिचे विद्युतरोधन उत्तम असते. इतक्या वर्षांनंतरही तिच्यात मूळचा दोष काही नाही. ती तडकलेली नसेल, तिचे पापुद्रे सुटलेले नसतील आणि तिच्यावर जळल्याचा काळा ठिपका नसेल, तर स्वच्छ करून तीच पुन्हा वापरता येते. पॅड वापरायचाच असेल, तर चांगल्या कंपनीचा घ्यावा आणि त्यावर पेस्ट लावू नये, कारण पेस्टमधल्या तेलाने सिलिकॉन फुगते. स्क्रूभोवतीचे नायलॉनचे बुश मात्र उष्णतेने ठिसूळ होतात. ते नवे घालणे शहाणपणाचे आहे.

मायकेऐवजी पांढरी कडक चकती आढळली तर?

येथे थांबावे. बहुतेक वेळा ती ॲल्युमिनाची म्हणजे निरुपद्रवी सिरॅमिकची असते. परंतु काही जुन्या उपकरणांत, विशेषतः लष्करी आणि औद्योगिक उपकरणांत, बेरिलियम ऑक्साइडच्या चकत्या वापरलेल्या आहेत. त्यांची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. नुसते पाहून दोन्हींतला फरक खात्रीने सांगता येत नाही, म्हणून अशी चकती घासू नये, कापू नये, तोडू नये आणि तडकलेली असेल तर हाताळूच नये. अखंड असेल तर ओल्या कापडाने हलके पुसून तशीच परत बसवावी.

झाकण उघडण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?

प्लग भिंतीतून काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. त्यानंतरही सप्लायचे मोठे कपॅसिटर भरलेले असू शकतात. ५० व्होल्टला भरलेल्या १०,००० मायक्रोफॅरडच्या एका कपॅसिटरमध्ये १२.५ ज्यूल ऊर्जा असते. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून तो रिकामा करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तिने ठिणगी उडते, टर्मिनल जळते, कधी कपॅसिटर खराब होतो आणि कधी डोळ्यांना इजा होते. त्याऐवजी १०० ओहम, १० वॅटचा वायर-वाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी जोडावा. या मूल्यांना टाइम कॉन्स्टंट एक सेकंदाचा येतो, म्हणजे पाच सेकंदांत व्होल्टेज एक टक्क्याच्याही खाली जाते. मग मल्टिमीटरने दोन्ही बाजूंचे, धन आणि ऋण सप्लायचे, व्होल्टेज मोजून खात्री करावी.

सोडवण्याआधी मोबाइलने जवळून फोटो घ्यावेत. कोणता एनपीएन, कोणता पीएनपी, कोणत्या स्क्रूखाली कलेक्टरची पट्टी होती, वॉशरचा क्रम काय होता, हे परत बसवताना आठवणीवर सोडू नये.

जुनी पेस्ट कशी काढावी?

जाड भाग आधी प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेने खरवडावा आणि उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावा. अल्कोहोल सिलिकॉनचे तेल पूर्ण विरघळवत नाही. ते फक्त सैल करते, त्यामुळे कापड बदलत बदलत दोन-तीनदा पुसावे लागते. खिडकी उघडी ठेवावी आणि सोल्डरिंग आयर्न जवळ चालू नसावे. पॉलिश पेपरने घासण्याचा मोह टाळावा, विशेषतः काळ्या ॲनोडाइज केलेल्या हीटसिंकवर. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहिलेल्या संचांत पेस्टखाली ॲल्युमिनियमची स्वतःची पांढरी गंजही सापडते. ती पुसून जात नाही, नखाला खरखरीत लागते. तेवढाच भाग अतिशय बारीक पेपरने, सपाट लाकडी ठोकळ्यावर धरून, हलका घासावा.

पृष्ठभाग स्वच्छ झाल्यावर स्क्रूच्या आणि पायांच्या प्रत्येक भोकाभोवती नख फिरवून पाहावे. ड्रिल करताना राहिलेली धातूची बारीक कड नखाला अडकते. हीच कड पुढे मायकेत घुसते आणि शॉर्टचे कारण बनते. भोकापेक्षा मोठे ड्रिल बिट हातातच धरून एक-दोन वेळा फिरवले की ती निघून जाते. मशीन लावू नये.

सर्किट बोर्डावर कपॅसिटरांच्या बुडाशी दिसणारा पिवळा किंवा तपकिरी पदार्थ थर्मल पेस्ट नसतो, तो कारखान्यात लावलेला गोंद असतो. तपकिरी पडलेला असा गोंद कालांतराने वीजवाहक होतो आणि पाय गंजवतो, म्हणून संच उघडलाच आहे तर तोही काढून टाकावा.

पेस्ट किती आणि कशी लावावी?

मायका असेल तर दोन्ही बाजूंना लागते : एक थर ट्रान्झिस्टर आणि मायकेमध्ये, दुसरा मायका आणि हीटसिंकमध्ये. प्रोसेसरच्या मध्यावर एक थेंब ठेवून दाबण्याची पद्धत येथे चालत नाही, कारण टीओ-३ किंवा टीओ-३पी (चपट्या प्लास्टिकच्या) आकाराच्या ट्रान्झिस्टरला दाब एक-दोन स्क्रूंवरूनच मिळतो आणि थेंब कोपऱ्यांपर्यंत पसरत नाही. कार्डाच्या सरळ कडेने इतका पातळ थर ओढावा, की त्यातून खालची धातू धूसर दिसत राहील. मायका ठेवल्यावर ती बोटाने किंचित डावी-उजवी सरकवावी. आतली हवा निघाली की ती चिकटून बसल्याची जाणीव होते. स्क्रू आवळल्यावर कडेला बारीक, सलग रेघ दिसली तर प्रमाण योग्य आहे. ढीग बाहेर आला तर पेस्ट जास्त झाली आहे; ती पुसून घ्यावी आणि स्क्रूच्या भोकात गेली असल्यास काढावी.

दोन स्क्रू असतील तर ते आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत. टीओ-३पी प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या ३ मिलिमीटरच्या स्क्रूला साधारण ०.५ ते ०.६ न्यूटन-मीटर इतका पिळा पुरतो. ट्रान्झिस्टरच्या माहितीपत्रिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. टीओ-२२० आकाराचे भाग जास्त आवळले तर त्यांची धातूची पट्टी वाकते आणि नेमका चिपखालचा भाग हीटसिंकपासून उचलला जातो. स्क्रू आधी, सोल्डरिंग नंतर, हा क्रम मोडू नये, म्हणजे पायांवर ताण राहत नाही.

इन्सुलेशन कसे तपासावे?

सर्वांत महत्त्वाची तपासणी हीच, आणि ती सोल्डर करण्यापूर्वी करायची असते. मल्टिमीटर सर्वांत मोठ्या ओहम रेंजवर ठेवून एक प्रोब कलेक्टरवर आणि दुसरा हीटसिंकवर लावावा. मीटरने पूर्ण ओपन दाखवले पाहिजे. मात्र ॲनोडाइज केलेला थर स्वतःच वीजरोधक असतो, त्यामुळे प्रोब नुसता काळ्या पृष्ठभागावर टेकवला तर शॉर्ट असूनही मीटर ओपन दाखवतो. प्रोब हीटसिंकच्या उघड्या धातूवर, एखाद्या आट्याच्या भोकात किंवा कापलेल्या कडेवर घट्ट दाबून धरावा.

काही संचांत कलेक्टर थेट हीटसिंकवर बसवून तो हीटसिंकच चासीपासून वेगळा ठेवलेला असतो. तेथे मायका सापडणार नाही आणि ती घालायचीही नसते. पण चालू संचात त्या हीटसिंकला हात लावू नये.

एसटीके मोड्यूलसाठी वेगळे काही करावे लागते का?

सान्योच्या एसटीके मोड्यूलची ॲल्युमिनियमची पाठ आतल्या सर्किटपासून वेगळी केलेली असते, म्हणून मायका लागत नाही. पाठ मोठी आणि पातळ असते. एका कोपऱ्यात जाड थर राहिला किंवा एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला तर ती वाकून आतला सबस्ट्रेट तडकू शकतो. थर पातळ आणि एकसारखा हवा, आवळणी सावकाश.

बायस ट्रान्झिस्टर किंवा डायोडलाही पेस्ट लावायची का?

होय, आणि ही गोष्ट बऱ्याच जणांकडून राहून जाते. ट्रान्झिस्टर गरम झाला की त्याचे बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. बायस तोच राहिला तर प्रवाह वाढतो, प्रवाह वाढल्याने तो आणखी तापतो आणि हे चक्र शेवटी ट्रान्झिस्टर जाळते. ते रोखण्यासाठी एक छोटा ट्रान्झिस्टर किंवा डायोड हीटसिंकवर अथवा आउटपुट ट्रान्झिस्टरवरच बसवलेला असतो. त्याला हीटसिंकचे तापमान वेळेवर कळले नाही, तर मोठ्या ट्रान्झिस्टरांखालची उत्तम पेस्टही संच वाचवू शकत नाही. त्याचे पाय नाजूक असतात, म्हणून तो न वाकवता स्वच्छ करावा, थोडी पेस्ट लावावी आणि त्याची क्लिप किंवा स्क्रू पूर्वीप्रमाणेच बसवावी.

काम झाल्यावर पहिल्यांदा चालू कसे करावे?

थेट २३० व्होल्टवर नव्हे. इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज टेस्ट लॅम्प (संचाच्या वीजपुरवठ्यात सिरीजमध्ये जोडलेला बल्ब) वापरावा, त्यात ६० किंवा १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब असावा. एलईडी बल्ब येथे उपयोगाचा नाही. स्पीकर जोडू नये, आवाज शून्यावर ठेवावा, आणि सर्व्हिस मॅन्युअल पाहून बायसचा प्रीसेट (तो कमी-जास्त करण्याचा छोटा फिरता रेझिस्टर) किमान बाजूला आणावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. प्रखर राहिला तर ताबडतोब बंद करावे. बहुधा मायकेत किंवा बुशमध्ये शॉर्ट आहे.

नंतर बल्ब काढून बायस लावावा, कारण बल्ब असताना सप्लाय कमी पडतो आणि मोजमाप चुकते. मॅन्युअलमध्ये २५ मिलिॲम्पिअर दिले असतील आणि एमिटर रेझिस्टर ०.४७ ओहमचा असेल, तर त्याच्या दोन टोकांमध्ये सुमारे १२ मिलिव्होल्ट दिसायला हवेत, ०.२२ ओहमचा असेल तर साडेपाच. प्रोब हातात धरून चालू संचात मोजू नये. एक घसरण आणि बेस-कलेक्टर एकत्र आले की ट्रान्झिस्टर गेलाच. बंद संचात छोट्या क्लिपा लावाव्यात, चालू करावा, वीस मिनिटे गरम होऊ द्यावा आणि मग आकडा हळूहळू वर आणावा. प्रीसेट फिरवताना आकडा उड्या मारत असेल, तर प्रीसेटच बदलावा. शेवटी स्पीकरच्या टर्मिनलवरचा डीसी मोजावा. तो ५० मिलिव्होल्टच्या आत असावा.

आता सोडवलेच आहेत, तर आउटपुट ट्रान्झिस्टरही नवे घालावेत का?

मूळ ट्रान्झिस्टर चांगले असतील तर मुळीच नाही. २एन३०५५ किंवा २एससी५२०० यांसारख्या लोकप्रिय क्रमांकांच्या नकला बाजारात उघड विकल्या जातात. आत लहान चिप आणि वर खरा क्रमांक छापलेला, असा तो माल असतो. ते पहिल्याच जोराच्या आवाजाला जळतात आणि कधी स्पीकरही घेऊन जातात. मूळ कंपनीचे चांगले ट्रान्झिस्टर काढून त्यांच्या जागी खात्री नसलेले बसवणे म्हणजे नुकसानच.

गणेशोत्सवाआधी मंडळाच्या ॲम्प्लिफायरची पेस्ट बदलून घ्यावी का?

आधी धूळ आणि पंखा पाहावा. वर्षभर गोदामात पडून राहिलेल्या आणि मग दिवसाला दहा-दहा तास चालणाऱ्या पीए ॲम्प्लिफायरमध्ये गरम होण्याचे कारण बहुतेक वेळा हीटसिंकच्या फटींत बसलेली धूळ, अडकलेला पंखा किंवा मंडपाच्या कापडात गुंडाळलेली केबिनेट हे असते. हे दूर केल्यावरही एखादा ट्रान्झिस्टर वेगळा तापत असेल, तर वर सांगितलेले मोजमाप करावे. हे काम मिरवणुकीच्या आदल्या रात्री करू नये. बायस पुन्हा तपासायला निदान काही दिवस हाताशी हवेत.

काम झाल्यावर पुन्हा केव्हा तपासावे?

पहिल्या काही आठवड्यांच्या वापरात पेस्ट पसरते, मायका थोडी दबते आणि स्क्रूचा ताण किंचित कमी होतो. त्यामुळे महिन्याभराने संच पूर्ण थंड असताना, कपॅसिटर रिकामे करून, स्क्रू फक्त तपासावेत. ते सैल लागले तरच घट्ट करावेत, आणि तसे करताना ट्रान्झिस्टर फिरू देऊ नये. त्यानंतर पुन्हा वीस मिनिटे गरम करून बायस मोजावा. दोन्ही चॅनेलचे आकडे, कामाची तारीख आणि वापरलेल्या पेस्टचे नाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती झाकणाच्या आतल्या बाजूला, हीटसिंकपासून दूर चिकटवावी. पुढे संच उघडणाऱ्या कारागिराला तुलनेसाठी तेच आकडे लागतील.